एक्सचेंजला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक मोटरसायकली म्हणाव्या तशा का खपत नाहीत यावर तुमच्या पेपरात मध्यंतरी लेख आला होता तो वाचला. चांगला होता, पण त्यात सगळी चर्चा बॅटरी, रेंज आणि चार्जर यांच्याभोवतीच फिरत होती. एका चार्जमध्ये किती जाते, चार्ज व्हायला किती वेळ लागतो, वाटेत चार्जर आहे का. हे प्रश्न आधीपासून बाइक चालवणाऱ्याचे आहेत हो. ज्याने आयुष्यात कधी बाइक चालवलेलीच नाही त्याच्या डोक्यात यातलं काही नसतं, त्याच्या डोक्यात वेगळंच असतं आणि ते मला माहितीये कारण मी त्यातलीच एक, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बाइक शिकलेली. कंपन्यांना नवे रायडर पाहिजेत म्हणतात ना, मग घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते एका नव्या रायडरकडून ऐका.

मी पहिल्यांदा शोरूममध्ये गेले तेव्हा तिथल्या मुलाने विचारलं, "मॅडम, सध्या कुठली गाडी वापरता?" म्हटलं कुठलीच नाही. तो जरा गोंधळला आणि मग पाठ केलेलं सुरू झालं, शून्य ते शंभर इतक्या सेकंदात, टॉर्क एवढा, रायडिंग मोड चार. मी विचारलं वजन किती आहे, उभ्या उभ्या कलंडली तर मला एकटीला उचलता येईल का? ते त्याला ब्रोशरमध्ये शोधावं लागलं! मग ऑफर सांगितल्या. एक्सचेंज बोनस आणि जुन्या ग्राहकांसाठी लॉयल्टी बोनस. आता एक्सचेंजला मी काय देणार, घरातली सायकल? टेस्ट राइड मागितली तर म्हणे लायसन्स दाखवा. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, नियम तो नियम, पण बाहेर पडल्यावर लक्षात आलं की तिथे असलेली प्रत्येक गोष्ट, ऑफर, माहिती, टेस्ट राइड, सगळं ज्याच्याकडे आधीच बाइक आहे त्याच्यासाठी होतं. माझ्यासाठी फक्त एसी होता.

आणि हे त्या एका शोरूमचं नाही, मोठमोठ्या कंपन्या यात फसल्यात. हार्ले-डेव्हिडसनने २०१७ मध्ये जाहीर केलं होतं की दहा वर्षांत अमेरिकेत २० लाख नवे रायडर तयार करायचे. कारण उघड होतं, तिकडचा त्यांचा गिऱ्हाईक वयाने वाढत चाललेला आणि तरुण मुलं बाइककडे फिरकेनाशी झालेली. बरं, इथपर्यंत बरोबर. पुढे २०१९ मध्ये त्यांनी पहिली इलेक्ट्रिक बाइक आणली ती लाइव्हवायर, किंमत २९,७९९ डॉलर, वजन अडीचशे किलोच्या घरात, बॅटरी साडेपंधरा किलोवॅट-अवरची (म्हणजे विजेच्या बिलातले साडेपंधरा युनिट) आणि पिकअप असा की ताशी शंभराच्या जवळ जायला जेमतेम तीन सेकंद. मला सांगा ज्याला क्लच म्हणजे काय तेही माहीत नाही असा माणूस शिकायला म्हणून एवढे पैसे टाकेल का आणि टाकले तरी पहिल्याच दिवशी त्या जनावरावर बसेल का? आणि जो हार्लेचा जुना भक्त त्याला तो धडधड आवाजच पाहिजे, तोच यात नाही. म्हणजे नव्याला परवडेना आणि जुन्याला आवडेना. पुढे लाइव्हवायर हा वेगळा ब्रँड केला, २०२१ मध्ये जवळपास तीच बाइक २१,९९९ डॉलरला आणली, नंतर त्याहून लहान डेल मार आली ती साडेपंधरा हजारांच्या आसपास. तरीही २०२३ साली अख्ख्या वर्षात ६६० बाइक गेल्या आणि २०२४ मध्ये ६१२. वर्षाचा तोटा दहा कोटी डॉलरच्या आसपास.

गंमत म्हणजे त्याच २०१९ मध्ये याच हार्लेने स्टेसिक नावाची छोटी कंपनी विकत घेतली, जी लहान मुलांच्या इलेक्ट्रिक बॅलन्स बाइक बनवते, अगदी तीन वर्षांच्या पोरांपासून, तेव्हा किंमत सातशे डॉलरच्या आत. माझ्या मते नवे रायडर तयार करायचं खरं काम तिथे होत होतं पण सगळे फोटो आणि सगळी चर्चा त्या तीस हजारवालीची.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. २०१० च्या सुमाराला बॅटरीचा भाव एका किलोवॅट-अवरला हजार डॉलरच्या वर होता, म्हणजे पंधरा किलोवॅट-अवरच्या बाइकमध्ये नुसती बॅटरीच पंधरा हजारांची, मग बाइक महाग करून श्रीमंत हौशी माणसालाच विकायची, दुसरा इलाजच नव्हता. कारवाल्यांनीही तेच केलं, टेस्लाने आधी महागडी रोडस्टर काढली, मग मॉडेल एस, मग जरा स्वस्तातली मॉडेल ३. पण कार आणि बाइक यात फरक आहे ना. कार घेणारा कुठली ना कुठली कार घेणारच असतो, त्याला फक्त पेट्रोलवरून विजेवर वळवायचं. नव्या रायडरचं तसं नसतं, तो बाइक न घेताही सुखात जगतोय. त्याची स्पर्धा दुसऱ्या बाइकशी नाहीये, 'राहू दे, कशाला नसती भानगड' या वाक्याशी आहे. शिवाय बॅटरीचा भाव आता तो राहिलेला नाही, २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आलाय. ही सरासरी सगळ्या गाड्या आणि वीज साठवायच्या मोठ्या बॅटऱ्या धरून आहे, बाइक थोड्या बनतात म्हणून त्यांना जास्त मोजावे लागत असतील, पण तरी तेव्हाचं कारण आज कसं चालेल.

याला उलटं उदाहरण आहे आणि ते चांगलं साठ वर्षांपूर्वीचं. होंडाने १९५८ मध्ये सुपर कब काढली, ५० सीसीची, आणि तिला हाताचा क्लचच नव्हता! १९५९ मध्ये लॉस एंजेलिसला ऑफिस थाटलं. त्या काळी अमेरिकेत मोटरसायकल म्हटलं की काळी जॅकेटं घातलेली टगी टोळकी अशीच लोकांची समजूत. होंडाने त्या टोळक्यांना आपली बाइक विकायचा प्रयत्न न करता १९६३ मध्ये जाहिरात काढली की होंडावर तुम्हाला छान छान माणसं भेटतात, आणि चित्रात कोण तर आया, कॉलेजची पोरं, जोडपी, म्हातारे, हातात सामान घेतलेले लोक. भर वेगावर नाही, माणसांवर. जाहिराती बाइकच्या मासिकांपुरत्या ठेवल्या नाहीत, घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मासिकांत दिल्या, आणि किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. २०१७ पर्यंत या सुपर कब १० कोटींच्या वर बनल्या होत्या. आता आजच्या इलेक्ट्रिक बाइकची कुठलीही जाहिरात लावून बघा, रात्र, बोगदा, निळे लाइट, काळ्या कपड्यातला एक पुरुष, हेल्मेटची काच खाली म्हणजे तोंडही दिसत नाही, आणि शेवटी मोठ्या अक्षरात भविष्य वगैरे काहीतरी. छान माणसं सोडा, माणूसच दिसत नाही त्यात.

क्लच नसण्याचं जे होंडाने मेहनतीने जमवलं ते इलेक्ट्रिक बाइकला आपसूक मिळालंय आणि कोणी ते धड विकत नाही याचं मला नवल वाटतं. नवशिक्याची खरी भीती काय असते सांगू का, चौकात सिग्नल सुटला की गाडी बंद पडणार आणि मागचे सगळे हॉर्न वाजवणार. चढावर गाडी मागे जाणार. डाव्या हाताने क्लच, डाव्या पायाने गिअर, उजव्या हाताने ॲक्सिलरेटर, त्यात ब्रेक, त्यात इंडिकेटर, आणि हे सगळं बॅलन्स सांभाळत. यातली निम्मी कसरत इलेक्ट्रिकमध्ये नाहीच. गाडी बंद पडणं हा प्रकारच नाही. मी ज्या मैदानावर शिकले तिथे आधी दोन दिवस पेट्रोलची दिलेली, तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिक दिली, आणि सगळ्यात मोठा फरक मला काय जाणवला तर सरांचा आवाज ऐकू येत होता. ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाले "नजर वर, चाकाकडे नका बघू" आणि मला ते ऐकू आलं! इंजिनाच्या आवाजात दोन दिवस ते हेच ओरडत होते म्हणे.

अर्थात एक धोकाही आहे आणि तो लपवायचं कारण नाही. इलेक्ट्रिकला जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे घाबरून मूठ आवळली आणि ॲक्सिलरेटर पिळला गेला तर गाडी उसळते, आणि दाबून सोडवायला क्लच नाही. म्हणून शिकाऊ मोड पाहिजे, त्यात जोर आणि वेग दोन्ही बांधलेले पाहिजेत. हे सगळं सॉफ्टवेअरचं काम आहे, वेगळं काही बनवावं लागत नाही. झीरो नावाच्या इलेक्ट्रिक बाइक कंपनीने २०२२ च्या मॉडेलांपासून ॲपमधून जास्त रेंज, जास्त चार्जिंग स्पीड असं पैसे भरून उघडायची सोय केली. बाइक आपण विकत घेतलेली आणि तिच्यातलंच काहीतरी पुन्हा विकत घ्यायचं हे मला पटत नाही, चिडच येते. पण तेच उलटं करा ना, पहिल्या वर्षी बांधलेली ताकद आणि कमी किंमत, वर्षभर नीट चालवली, पक्कं लायसन्स आलं की पुढची ताकद उघडा आणि तेव्हा उरलेले पैसे घ्या. युरोपात लायसन्सच्या पायऱ्याच आहेत, ए१ वर ११ किलोवॅट ताकदीपर्यंतची बाइक, ए२ वर ३५ पर्यंत, मग पुढे खुलं. पेट्रोलमध्ये बरेचदा पुढच्या पायरीला जुनी बाइक विकून मोठी घ्यावी लागते, इलेक्ट्रिकमध्ये काही मॉडेलांना तीच बाइक माणसाबरोबर मोठी होऊ शकते. यासारखा सेलिंग पॉइंट नाही, पण ब्रोशरमध्ये तो कुठे दिसत नाही.

आता पैशाचं बोलते कारण मूळ मुद्दा तोच. बाइकवर लावलेली किंमत जुन्या रायडरला आणि मला सारखी नसते. त्याच्याकडे हेल्मेट आहे, जॅकेट आहे, हातमोजे, बूट आहेत, लायसन्स आहे, इन्शुरन्सचा जुना रेकॉर्ड आहे, आणि वर त्याला एक्सचेंज बोनस. माझ्याकडे यातलं काहीच नाही, मला शिकण्याची फी, लायसन्सचा खर्च, डोक्यापासून पायापर्यंतचं सगळं सामान आणि नवशिकी म्हणून इन्शुरन्स चढा. म्हणजे ज्याला खेचून आणायचंय तोच सगळ्यात जास्त मोजतो! कंपनीने बोनसचा तोच पैसा उलटा लावून बघावा, पहिली बाइक घेणाऱ्याला ट्रेनिंगची फी आणि चांगलं हेल्मेट किमतीत धरून द्यावं. चार्जरही त्यातच, तो वेगळा विकू नये. मला पहिल्या वर्षाचा सगळा आकडा एका कागदावर मिळाला असता तर मी पहिल्याच शोरूममध्ये हो म्हटलं असतं. 'अमुकपासून सुरू' असं लिहितात ती बाइक तर कधी कोणाकडे स्टॉकमध्येच नसते.

डिस्काउंटबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. त्या लाइव्हवायरसारखी दोन वर्षांत किंमत चांगली पावणेआठ हजार डॉलरने उतरली की ज्यांनी आधी घेतली त्यांच्या बाइकची सेकंडहँड किंमत कंपनीनेच पाडली असं होतं, आणि नवा गिऱ्हाईक म्हणतो थांबू अजून, अजून उतरेल. नव्या माणसाला स्वस्तापेक्षा सुटका पाहिजे असते. मला नाही जमलं तर? पडले आणि मन उडालं तर? त्यापेक्षा लिहून द्या की वर्षाच्या आत परत आणली तर या ठरलेल्या भावाने आम्ही परत घेऊ. माझ्यासारखीला दहा टक्के सूट मिळण्यापेक्षा ही एक ओळ जास्त उपयोगाची.

बॅटरी भाड्याने देण्याची कल्पना पुष्कळ जण सुचवतात. तैवानमध्ये गोगोरो नावाच्या कंपनीने २०१५ पासून स्कूटरसाठी ते चालवून दाखवलंय, स्टेशनवर जायचं, रिकामी बॅटरी काढून भरलेली घालायची, दरमहा पैसे. गाडी घेताना बॅटरीचे पैसे द्यावे लागत नाहीत म्हणून किंमत एकदम हलकी वाटते. रोज चालवणाऱ्याला झकास. पण नवशिकी बाई पावसात बाइक काढत नाही, आठवड्यात दोनदा जेमतेम चालवते, तिला दरमहा ठरलेलं भाडं म्हणजे जिमची मेंबरशिप, जाणं होत नाही आणि पैसे कापले जातात. तिला वापराप्रमाणे बिल पाहिजे.

तसंच पेट्रोल वाचतं हे पालुपद. वाचतं, खोटं नाही, पण कोणाचं? वर्षाला ५,००० किलोमीटर चालवणारा हौशी माणूस, शंभर किलोमीटरला चार लिटर धरले तर वर्षाचं पेट्रोल २०० लिटर. एवढ्याशा बचतीवर काही हजार डॉलरची जादा किंमत वसूल व्हायला त्याचं आयुष्य जाईल. उलट डिलिव्हरी करणारा वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरतो, त्याची छोटी गाडी शंभरला अडीच लिटर खाते म्हटलं तरी ७५० लिटर झालं, त्याचा हिशोब लवकर बसतो. तर त्याला बचत सांगा, मला नका सांगू. मला सांगा की ऑइल बदलायला नको, चेनच्या जागी बेल्ट असेल तर सारखी चेन ताणायला नको, गॅरेजवाला काय म्हणतोय ते कळत नसताना मान डोलवायला नको.

बॅटरी लहान ठेवा हेही सांगायचंय. शहरात सावकाश चालवली तर किलोमीटरला पन्नासेक वॅट-अवर लागतात, म्हणजे चार किलोवॅट-अवरमध्ये ऐंशी किलोमीटर आरामात. हायवेला हा हिशोब कोसळतो कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट, म्हणून तर त्या लाइव्हवायरची शहरातली रेंज २३५ किलोमीटर सांगायचे आणि शहर-हायवे मिळून १५२. पण नवशिका हायवेला जाणारच नसतो पहिल्या वर्षी! त्याच्यासाठी लहान बॅटरी, हलकी बाइक, कमी किंमत हे तिन्ही एकदम जमतं. कुणाला ते उशिरा का होईना कळायला लागलंय, झीरोने २०२४ च्या शेवटी ६,४९५ आणि ४,१९५ डॉलरच्या दोन लहान बाइक जाहीर केल्या, बीएमडब्ल्यूने त्याआधी सीई ०२ काढली जी धड स्कूटरही नाही आणि धड बाइकही नाही, आणि माझ्यासारखीला ते धड नसणंच बरं वाटतं.

रेसिंगवर पैसे घालून नवे लोक येत नाहीत हेही एव्हाना दिसलं. मोटोई नावाची इलेक्ट्रिक रेस २०१९ ला सुरू झाली, २०२५ च्या सीझननंतर थांबवली, पाहिजे तेवढे प्रेक्षकच मिळाले नाहीत. सुरुवातीला तिला बाइक पुरवणारी इटलीची एनर्जिका २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी स्वीडनची केक, त्याआधी २०१८ ला अमेरिकेतली अल्टा बंद पडली. सगळ्यांच्या बाइक सुंदर होत्या, फोटो बघून जीव जळतो.

आणि कोणी म्हणेल की तरुण मुलं इलेक्ट्रिककडे येतच नाहीत तर ते साफ चूक आहे. सर-रॉनसारख्या पन्नासेक किलोच्या हलक्या इलेक्ट्रिक बाइक बघा, फारशी जाहिरात नाही, तरी पोरं तुटून पडलीत, कारण हलकी आहे, उचलता येते, आणि मित्राकडची एकदा चालवून बघता येते. वाईट एवढंच की त्यातली बरीच पोरं लायसन्स, नंबर प्लेट, हेल्मेट काहीही नसताना रस्त्यावर आणतात आणि मग पोलीस मागे लागतात, लोक वैतागतात. म्हणजे ओढ आहे, दाराशी गर्दी आहे, पण त्यांना हाताला धरून नीट आत घेणारं कोणी नाही. हार्लेच्या काही शोरूममध्ये बाइक स्टँडवर पक्की बांधून, चाक जागच्या जागी फिरवून बिनलायसन्सवाल्याला चालवल्याचा अनुभव देत असत, मला ती आयडिया आवडली होती. पण जागच्या जागी फिरून बॅलन्स कळत नाही. प्रत्येक शोरूममागे बॅडमिंटन कोर्टाएवढी बंदिस्त जागा, चार बांधलेल्या वेगाच्या बाइक आणि एक शिकवणारी बाई ठेवा, हो, बाईच, अमेरिकेत २०१८ च्या पाहणीत बाइक असणाऱ्यांमध्ये बायका साधारण १९ टक्के निघाल्या, म्हणजे वाढायला जागा सगळ्यात जास्त कुठे आहे ते हिशोब न करताही कळतं.

मी शेवटी काय घेतलं असं विचाराल, तर वर्षभर वापरलेली छोटी इलेक्ट्रिक घेतली, सेकंडहँड, ज्याची होती त्याला ती फार हळू वाटायची म्हणून विकली. दोनदा पडलेय, दोन्ही वेळा पार्किंगमध्ये, दोन्ही वेळा एकटीने उचलली.

आपली,
एक नवी रायडर

ता. क. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच असेल तर रेसिंगचा परिच्छेद कापा, पण परत घेण्याच्या भावाचा आणि शिकवणाऱ्या बाईचा मुद्दा कृपया ठेवा. आणि त्या पहिल्या शोरूममधून अजून दर महिन्याला मेसेज येतो, एक्सचेंज बोनस या वेळी वाढवलाय म्हणे.